मीठमोहरी

नोव्हेंबरात एडिनबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
समुद्रावरून धुकं येतं,
लिटल फ्रान्सचा बसथांबा पुसून टाकतं.
तळघरात इन्क्युबेटरचा आकडा तेवढा ठाम: सदतीस.

बशीत अकरा गर्भ, उंदरीचे.
आपल्याकडे म्हणतात, दिवस गेलेत.
किती? तर साडेतीन.
एवढ्यात जायचं ते किती थोडं
आणि ठरायचं ते केवढं.

पाण्याचा एक थेंब, भोवती पेशींची भिंत,
आत एका कडेला डझनभर पेशींचा पुंजका.
रंग चढवला की काही हिरव्या उजळतात, काही लाल,
शेजारी शेजारी, क्रम असा नाहीच.
पुस्तकात याला मीठ-मिरी म्हणतात.
मला दिसते मीठमोहरी,
मुठीत धरून कुणावरून तरी उतरवलेली.

हिरव्यांत नॅनॉग जागा आहे. त्यांचं पुढे पिल्लू होईल.
लाल होतील त्याला पोसणारी पिशवी.
सटवाई म्हणे पाचव्या रात्री येते, दौत-बोरू घेऊन.
इथे अजून कपाळच नाही.

नाव याच शहरात पडलं, शोना सांगते.
तिचे वडील हॅरिस बेटावर फेरीबोटीवर होते,
गोष्ट त्यांच्याकडून आलेली:
तीर नान ओग, तरुणांचा देश,
तिथे कुणी म्हातारं होत नाही.
एकजण तिथून घोड्यावर बसून घरी निघाला.
बजावलं होतं, उतरू नकोस.
पाय मातीला लागला
आणि तीनशे वर्षं एकदम अंगावर आली.
'पण उतरला कशाला?'
शोना हातमोजे काढत म्हणाली,
'माणसं धोंडा हलवत होती. हात द्यायला वाकला.'

दुसऱ्या बशीत तोच जनुक आम्ही काढून टाकलाय.
तिसऱ्या दिवसापर्यंत फरक कळत नाही.
भिंत गोल, पाणी भरलेलं, सगळं यथासांग.
मग आत लालच लाल.
पोसायला सगळे सज्ज,
पोसून घ्यायला कुणी नाही.
दोनेक दिवसांत तेही मावळतात.

फेब्रुवारीत, इथून चार मिनिटांवर, इन्फर्मरीत
त्या बाईने स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली होती.
पिशवी आहे, म्हणाली.
मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही.

तो हाच जनुक होता, असं नाही.
कारणं शंभर असतात, बहुतेकदा एकही सापडत नाही.
मी स्वतः लोकांना हेच सांगते,
पाहुण्या विद्यार्थ्यांना, आईला फोनवर.

आणि सगळं सुरळीत असेल तर?
तर साडेचारच्या सुमाराला गर्भ गर्भाशयाला बिलगतो,
आणि हिरवं विझत जातं.
विझायलाच हवं.
तसंच तेवत राहिलं तर पेशी नुसती शक्यता होऊन बसेल,
ना काळीज, ना शेपूट, ना नख.

रात्री आठला दिवा बंद केला.
बशीवर तारीख घातली, दोन्ही बश्यांवर सारखीच.
बाहेर फरशीवर हिमाचा पापुद्रा.
थांब्यावर एका म्हातारबाबाच्या सामानाच्या गाडीचं चाक
गटाराच्या जाळीत अडकलेलं, तो एकटाच ओढतोय.
मी वाकले.
गुडघा कट्‌कन वाजला.