आकसाची पट्टी

माझी फूटपट्टी खोटी आहे.
बारा इंच म्हणते आणि केसभर जास्त मोजते,
ओतीव लोखंड थंड होताना आकसतं म्हणून.
चाळीस वर्षं उद्यमबागेत लाकडी पॅटर्न केले,
पंपाचे, व्हॉल्वचे, उसाच्या चरकाचे,
सगळे मुद्दाम थोडे मोठे.

कॅम्पातली ग्लॅडिस रॉड्रिग्ज आली दिवाळीनंतर,
काखेत पत्र्याची नळी, नळीत निळा कागद.
"पप्पांची टिटवी," म्हणाली.
सोळा फूट, एक डोलकाठी, दोन शिडं,
पोटात वर ओढून घ्यायचं लोखंडी पातं.
"सात बांधलेल्या. आता एक पण नाही.
परत होईल काय बघा की, परशराममामा.
म्हणजे, परवडेल काय."

भट्टीवरची पोरं हसली. बेळगावात शिडाची होडी!
टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात;
आपला तर चोर्ल्याच्या खालीच राहिलाय,
अर्धं काम आधीच झालेलं.

कागदाच्या घडीवर एक आकडा झिजून गेला होता,
चौथ्या फासळीची रुंदी.
सागाची लवती पट्टी वाकवून धरली
तिसरीपासून पाचवीपर्यंत,
आणि मधला आकडा तिनंच सांगितला.
ज्यानं ही रेघ काढली त्याला घाई नव्हती.

मग हिशोब.
सागाचा घनफुटाचा भाव ऐकून खाली बसलो.
खानापूरचा वखारवाला म्हणाला, मत्ती घाला.
घालतो, पण मग टिटवी चालेल, उडणार नाही.
तांब्याचे खिळे आता किलोवर नाहीत, नगावर मिळतात.
शहापुरात अर्जुन भंडगे मागावरून न उठताच बोलला,
"ताणा लावायचा तर अडीचशे मीटर. त्याखाली जमत नाही."
अडीचशे मीटरांत साऱ्या टिटव्यांची शिडं होऊन
वर मांडवाला कापड उरेल.
पणजीचा एकजण फोनवर: फायबरचा साचा करा,
एकीच्या पैशात तीन काढा.
साच्याचं मला सांगतो!
पण खोटं नव्हतं सांगत.

हिडकलला गेलो, पाणी बघायला.
उन्हाळ्यात घटप्रभा उतरते, बुडालेलं देऊळ डोकं काढतं,
तेव्हासुद्धा पातं वर घेऊन टिटवी गुडघाभर पाण्यात जाईल,
असं कागद म्हणतो.
ऑफिसात हुलकुंद साहेबांनी अर्ज पुढं सारला.
वर 'दोणी'. आपलीच डोणी,
कन्नडात फक्त जीभ दाताला टेकते.
उद्देश: मासे, माल, माणसं. चौथा रकाना नाही.
"यातक?" साहेबांनी विचारलं. कशाला?
ग्लॅडिस म्हणाली, "गाळीसाठी."
अर्धा शब्द त्यांचा, अर्धा आमचा, मध्ये वारा.
साहेब हसले नाहीत. खिडकीबाहेर बघितलं,
आणि शिक्का टेबलावरच ठेवला.

काठावर दुर्गाप्पा जाळं विणत होता.
"वारं नसलं तर?"
थांबायचं.
"मग वेगळं काय करता तुम्ही?"

दहा गिऱ्हाइकं मिळाली तर भागतं.
मिळाली अडीच.
अर्धा म्हणजे एक दातांचा डॉक्टर,
रिटायर झाल्यावर घेतो म्हणालेला.
मी आकडे ग्लॅडिसपुढं ठेवले. तिनं दोनदा वाचले,
कागद नळीत घातला, झाकण लावलं,
आणि नळी माझ्याच टेबलावर विसरली.
विसरली म्हणतो मी.

रात्री शेडमध्ये दिवा लावून
चौथी फासळी कापली.
नुसतं बघायला, हात अजून वळतो काय.
मोजली तर केसभर मोठी.
सवयीनं खोटीच पट्टी उचललेली.

लाकूड लोखंडासारखं आकसत नाही,
आता एक तर फासळी तासायची
नाहीतर अख्खी होडी तेवढी वाढवायची.
रंधा हातात आहे.
अजून फिरवला नाही.