लाखेखाली

साहेब, सही करत नाही.
अक्षरही डाव्या हाताचं आहे, तेवढं चालवून घ्या.
केंडल गावात टपालाची थैली ज्या सरायीत उतरते
तिथे माझी चाकरी. घोडे बदलतात तेवढ्या वेळात
मी पत्रं निवडतो. कार्लाइलची इकडे, लँकेस्टरची तिकडे,
आणि ज्यांच्यावर लाख जरा जास्तच सढळ हातानं ओतलेली
ती माझ्या कोटात.

सुरी तापवायची, पण गालाजवळ नेली तर
ऊब लागावी, चटका लागू नये, इतपतच.
मग लाखेच्या पोटाखालून ती सरकवायची
सुईणीच्या हातानं.
चुलीवर ओटची पेज रटरटत असली की वाफ फुकट.
हे मला कुणी शिकवलं नाही.
पहिलं पत्र उघडलं ते कुतूहलानं,
दुसऱ्याच्या वेळी खाटकाची उधारी होती.

लोकरीचा व्यापारी पिकथॉल लिहितो :
‘हिरव्या गाठी चाळीस, काळ्या बारा,
मायकेलमसच्या आत डोंगरापलीकडे पोचाव्यात.
काळ्या कोरड्या ठेवणे. कोरड्या ठेवणे.’
साहेब, मी विणकराचा मुलगा.
लोकर भिजली तर वाळते.
बंदुकीची दारू भिजली की माती.
आणि पुढे : ‘दुकानाच्या गादीवर परका बसला आहे,
खरा धनी वारा फिरला की जहाजानं येईल.’
एवढं तर आमच्या तबेल्यातल्या कुत्र्यालाही कळावं.

अशी पत्रं चार.
नकला नव्हेत, मूळ. एकेकाला दहा गिनी.

माणसं कच्च्या गुरूची चेली नाहीत.
लाख ओतण्याआधी घडीत एक केस ठेवतात.
केस हलला, तर पत्र फुटलं.
पिकथॉलचा केस राठ, घोड्याच्या शेपटीचा असावा.
मी तो चिमट्यानं उचलतो
आणि होता तसा, वळणासकट, परत निजवतो.
हातचलाखीचे वेगळे पैसे मागत नाही.

चौथ्यातला केस

(इथून पुढचं साहेबांना लिहायचं नाही)

चौथ्यातला केस लांब निघाला. तांबूस.
बोटाला दोनदा गुंडाळून उरला.
रविवारच्या पावात, माझ्या बाहीवर, पाळण्यातल्या उशीत
वीस वर्षं मी हाच केस वेचत आलोय.
तिची आई गेली त्या रात्री
वेणी घालता येईना म्हणून दोघंही रडलो होतो.
पत्रात काय होतं ते अजून वाचलं नाही.
पेज ऊतू गेली, चूल विझली,
मी सुरी हातात धरून तसाच उभा.

कागद महाग. नवा कुठून आणू?
‘चार’ खरवडून तिथे ‘तीन’ केले.
त्या जागी कागद आता इतका विरलाय
की उजेडाला धरलात, साहेब, तर आरपार दिसेल.
धरू नका.

वर डॉर्कस केस विंचरतेय.
फणीचा आवाज एकेक पायरी उतरत येतो.
काल जेवताना तिनं सहज विचारलं,
‘बाबा, लँकेस्टरची थैली सगळी गेली ना?’
गेली, म्हणालो.
मिठाचं भांडं पुढे सरकवलं.
ती उठली, माझ्या खांद्यावरचा एक केस काढला,
मेणबत्तीपुढे धरून बराच वेळ पाहिला,
आणि फुंकून टाकण्याऐवजी
घडी घालावी तसा मुठीत मिटून घेतला.

तर साहेब, पत्रं तीन.
भाव तुम्ही कराल तो.
उत्तर पाठवाल तेव्हा
लाख जरा बेतानंच लावा. या घरात
आता दोन सुऱ्या तापतात.