सरकी

बाटलीवर पट्टी होती:
कौतिका नगराळे, वय चौसष्ट,
पाळी जाऊन चौदा वर्षं, अंगावरून रक्त.
गावाचं नाव वाचलं आणि हात थांबला.
आमच्या हापशीपासून तिसरं घर.
लहानपणी तिनं माझ्या डोक्यातल्या लिखा काढल्या होत्या
वेचणीच्या बोटांनी, केस न ओढता.

मी वर्ध्याच्या दवाखान्यात मेण कापते.
चार मायक्रॉनचा पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा,
श्वास रोखून काचेवर उचलायचा.
नाव पुसायचं नाही. उच्चारायचंही नाही.

तालुक्याच्या सोनोग्राफीत लिहिलेलं:
अस्तर पातळ, साडेतीन मिलिमीटर, काळजीचं नाही.
गोळ्यांनी रक्त थांबलं, तशी तीही थांबली
सोयाबीन निघेपर्यंत.
मग पुन्हा सुरू झालं.
बुढी जवान झाली म्हणून बाया हसल्या,
सून म्हणाली, देवाला हात नका लावू,
आणि चौदा वर्षांनी ती
जुन्या लुगड्याच्या चिंध्या गोठ्यामागे वाळत घालू लागली.

भोयर मॅडम काचेवरून बराच वेळ उठल्या नाहीत.
मग म्हणाल्या, ये, बघ.
सुकलेल्या अस्तरावर बारीक बारीक बोटं उगवलेली,
केंद्रकं मोठी, गडद, एकासारखं एक नाही.
सीरस.
शंभरात जेमतेम दहा.
हिला लठ्ठ बाई लागत नाही, साखर लागत नाही,
हार्मोनचं खतही नाही.
गर्भाशयात नखाएवढी दिसते
तेव्हा कधी कधी पोटाच्या पडद्यावर पोचलेली असते.
तरी खात्री करू, पी-त्रेपन्न लाव.
पेशीचा रखवालदार तो; बिघडला की हटत नाही,
आतच साचत राहतो.
दुसऱ्या दिवशी काचेवर
प्रत्येक केंद्रक चिंचोक्यासारखं तपकिरी.

सांगणं माझं काम नव्हतं. मॅडमनी सांगितलं,
स्टूल ओढून, तिच्या उंचीवर बसून:
मोठं ऑपरेशन, गाठी आणि पडदा तपासायला, मग केमो.
पोरगा मोबाइलवर लिहून घेत होता, चुकत होता.

ती मात्र जिना उतरून माझ्याकडे आली.
"दाखव मले."

नियम आहेत. मी दार लावून घेतलं.
एक डोळा मिटणं तिला जमेना, पदरानं झाकला.
"गुलाबी हाये वं. बोंडअळीवानी.
बोंड वरून हिरवंगार रायते, अन् आत..."
मी म्हटलं, काकू, अळी बाहेरून येते.
हे बाहेरचं नाही. तुझ्याच पेशी आहेत.
ती भिंगावरून हलली नाही.
"म्हंजे अळी नाई.
सरकीच फिरली."

तीन वर्षं कॉलेजात शिकले मी हे.
म्हटलं, हो.

"करनी?"
नाही.
"मंग माह्यं काय चुकलं?"
काही नाही.
"काईच नाई?"
काहीच नाही.
याचाच तिला राग आला.
चूक असती तर तिनं कुठंतरी नाक घासलं असतं,
कुणाला तरी शिव्या दिल्या असत्या.
आता राग धरायला जागाच नव्हती,
टेबलाची कड धरून ती उभी राहिली.

"अन् ह्या तुकड्याचं काय करता?"
मेणाच्या ठोकळ्यात ठेवतो. नंबर लावून. दहा वर्षं.
"दहा वर्सं?"
ती हसली, दात न दाखवता.
"तिले बरी जागा भेटली."

एसटीच्या तिकिटामागे नंबर लिहून मागितला,
घडी घालून चोळीत ठेवला, तंबाखूच्या डबीपाशी.
सोमवारी भरती.
त्याआधी तिला एकदा गावात जायचंच होतं.
वेचणीचे पैसे बाकी होते कुणाकडे तरी,
किलोमागे दोन रुपये,
आणि तो म्हणे तिला बघितलं
की मागच्या दारानं जातो.