द्वारा

तेहतीस वर्षं मी पुणे स्टेशनावर टपालाच्या वर्गवारीला होतो.
पाकिटावरचा पिनकोड नीट वाचायच्या आत
हात आपोआप खण शोधायचा.
पत्ता अपुरा असला की लाल शाईत एकच शब्द:
परत.
किती जणांना परत पाठवलं, मोजलं नाही.

आता चर्चमागच्या जिन्याखालच्या खोलीत बसतो,
रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर.
एक लोखंडी कपाट, तांदळाची पोती,
देणगीत आलेल्या चादरी,
त्यात एक रेशमी पलंगपोस, झालरीचा,
तीन वर्षं झाली, कुणाला देता आला नाही.
पलंगच नाही कुणाकडे.

घरभेटीला जोडीनं जायचं, असा संस्थेचा नियम.
घर नसलं तरी शब्द 'घरभेट' हाच.
फिलोमिना टीचर आणि मी, मालधक्क्याच्या भिंतीकडेनं
संगम पुलाखाली उतरलो.
सुमिंद्रा काळेनं पहिल्यांदा हेच विचारलं,
"देव बदलावा लागंल का?"
टीचर म्हणाल्या, "नाही गं. चूल कुठं मांडतेस, दाखव."
मी वहीत लिहून घेतलं: माणसं सहा, भांडी चार,
वर छप्पर म्हणून निवडणुकीचा फ्लेक्स, उलटा,
म्हणजे हात जोडलेला उमेदवार
आतून सगळ्यांकडे बघत झोपायचा.

तिला तांदूळ नको होते. म्हणजे हवेच होते,
पण आधी दुसरं.
पोरीला शाळेत घेत नव्हते. अर्जावर
'पत्ता' या शब्दापुढं नुसती रेघ.
राहता कुठं, असं कारकुनानं विचारलं
तेव्हा हिनं बोट दाखवलं
पुलाकडं, मग नदीपलीकडं,
मग स्वतःच्याच पायांकडं.

मी पेन काढलं.
'द्वारा' लिहिलं, आणि पुढं आमचा पत्ता.
फादर रेमंडना नंतर सांगितलं.
ते जरा वेळ छताकडं बघत राहिले,
म्हणाले, "टपालपेटी मोठी घ्यावी लागेल."

घेतली नाही अजून. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे,
त्यात आज चौतीस कुटुंबं राहतात.
कुणाचं आधार, कुणाचं बँकेचं पासबुक,
ससूनची तारीख,
एका बाईला नवऱ्याचं येरवड्याहून कार्ड,
दर महिन्याला तीच ओळ: मी बरा आहे.
पोस्टमन नवा आहे, स्कूटरवर येतो.
दारातून आत डोकावतो, "काका, एवढ्याशा खोलीत
एवढी माणसं?"
मी म्हणतो, "दाटीवाटीनं."

सगळंच जमलं असं नाही.
यल्लाप्पा धोत्रेला दापोडीत खोली बघून दिली होती.
डिपॉझिट दहा हजार, दानपेटीतले सुटे,
दोन संध्याकाळी मोजत बसलो, बोटांना नाण्यांचा वास.
तिसऱ्या महिन्यात कुलूप.
मालक म्हणाला, रात्रीतून गेले, पंखाही नेला.
बैठकीत ऑगस्टीन तापला, "पंखा आपला होता!"
टीचर विणकाम करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या,
"म्हणजे कुठंतरी छत आहे त्यांना."
कुणी बोललं नाही. मग ऑगस्टीनच हसला,
आणि खर्चाच्या रकान्यात पंखा लिहिला.

परवा यल्लाप्पाचं मतदार ओळखपत्र आलं.
फोटोत तो दचकलेला,
जसा कुणी नाव घेऊन हाक मारली की दचकायचा.
नियम मला पाठ आहे. सात दिवस ठेवायचं,
मग लाल शाई.
आज बेचाळिसावा दिवस.

सुमिंद्राची पोर आता तिसरीत आहे,
रविवारी येऊन डबा उपसते, मोठ्यानं नावं वाचते,
जोडाक्षरापाशी थांबते, दम घेते, पुढं जाते.
य-ल्ला-प्पा.
"हा कुठं राहतो?"

"इथंच," मी म्हटलं.
तिनं खोलीभर नजर फिरवली,
पोती, कपाट, पलंगपोस,
आणि ते पाकीट डब्यात परत ठेवलं,
सगळ्यात वर.