सात नंबरचा पंप

सोहारच्या बंदरापलीकडे समुद्र आत येतो
जाड पाइपातून, खारट, थोडा शेवाळी,
आणि आमच्या हातून गोडं पाणी होऊन बाहेर पडतो.
मी रात्रपाळीला असते.
रात्री माणसं कमी, आकडे जास्त.
मला हे प्रमाण मानवतं.

देवरुखला आई म्हणायची,
डोळ्यांत डोळे घालून बोल.
मी विचार करायची, काढून घालायचे कसे?
भाषाच अशी. लोक कानाडोळा करतात
म्हणजे कान आणि डोळा जागच्या जागी ठेवून
फक्त बघत नाहीत,
आणि मी बघत नसे तेव्हा मात्र तो उद्धटपणा.
मामा म्हणे, हट्टी. बाई म्हणत, शिष्ट.
पंगतीत मला भिंतीकडचाच पाट लागे,
आणि वरणाचा ओघळ कोशिंबिरीला लागला
की माझं जेवण संपे.

खरं नाव कळायला चौतीस वर्षं गेली.
मस्कतच्या डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं
हवामान सांगावं तसं: ऑटिझम.
मी अडीच तास गाडी चालवत परत आले.
उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर,
आणि मधे मी, मागची एकेक गोष्ट काढून
नवीन डब्यात भरत.
पाट. कोशिंबीर. वाढदिवसाचे फुगे.
बारक्यापर्यंत येताना डबा पुरेना.

बुधवारी पहाटे तीनला
सात नंबरचा पंप वेगळं बोलू लागला.
मोठ्याने नाही. पोळपाटाचा एक पाय
केसभर आखूड असावा, तसा.
पडद्यावर सगळं हिरवं.
खमीस म्हणाला, हिरवं आहे.
मी म्हटलं, हो. आणि तो लंगडतोय.
पुन्हा सांगितलं. पुन्हा.
(लोक बोलून मोकळे होतात.
माझं बोललेलं तिथेच उभं राहतं,
कुणी येऊन बघेपर्यंत.)
चौथ्या खेपेला गुलजमान पान्हा घेऊन उठला.
बेअरिंग. आतून खपली सुटलेलं.

सकाळी कॅन्टीनमध्ये टाळ्या.
टाळ्या माझ्या दातांत जातात.
वर ट्यूबलाइट फडफडत होती, आठवडाभर तशीच,
मी टेबलाखाली बोटं मोजत होते
एक ते दहा, दहा ते एक.
बीना कुरियन म्हणाली, ही देवाची देणगी.

देणगीची पावती मिळते. परत करता येत नसली
तरी नाकारता येते.
हे तसं नाही, बीना.
जो कान बेअरिंग ऐकतो
तोच पलीकडच्या टेबलावरचा चमचा ऐकतो,
कुणाच्या खिशातला फोन, फ्रिजचं धापा टाकणं,
लग्नाच्या हॉलमधला प्रत्येक माणूस सुटा सुटा.
त्याला झाकण नाही.
आणि समजा, त्या रात्री
पंप ठणठणीत निघाला असता,
चूक माझीच असती,
तरी भिंतीकडची खुर्ची मला लागलीच असती.
ती बक्षिसात धरू नका.

आईचा फोन आला. बढती दिली का?
नाही.
मग काय झालं?
बेअरिंग बदललं.
आई हसली, बराच वेळ.
तिचं हसू फोनवर चांगलं ऐकू येतं,
तिथे त्याला चेहरा जोडावा लागत नाही.

पुढच्या बुधवारी कॅन्टीनचा तो कोपरा अंधारा.
ट्यूब खाली उतरवलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून
दाराआड उभी.
कुणी काही बोललं नाही.
खिडकीतून येत होता तेवढा उजेड
डाळीला पुरेसा होता.
खमीस खजुराची डबी घेऊन आला,
समोरची खुर्ची सोडून
बाजूच्या खुर्चीवर बसला.
म्हणाला, सात नंबर?
मी म्हटलं, बरा आहे.
मग त्याने तिकडे बघितलं जिकडे मी बघत होते,
एक बोट, तिच्यावर दोन बगळे,
एक उडाला.
आम्ही खजूर खात बसलो,
डोळे ज्याचे त्याच्याकडे.