कानाची पाळी

परभणीत स्टेशन रोडला माझा स्टुडिओ.
लग्न, जावळ, साखरपुडा,
फॉर्मचे फोटो दहा मिनिटांत.
दवाखान्यातून भालके सिस्टरचा फोन आला
की मी एवढंच विचारतो: खिडकी कोणत्या बाजूला?
फ्लॅश दुकानातच ठेवतो.

पिशवीत टोपडं, बायकोनं विणलेलं,
मोसंबीच्या मापाचं.
धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा.
पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं काही नव्हतं,
नुसता कॅमेरा,
आणि सवयीनं तोंडातून निघालं: इकडं बघा.

कुणी काही बोललं नाही.
बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धरलं.

सिंधूचं आठव्या महिन्यातलं. मुलगी.
आजेसासू दारात आडवी:
"गेलेल्या लेकराचा फोटो काढत असतेत व्हय?
पुढचं टिकत नसतं त्यानं."
मुंजाजी भिंतीला टेकून, चपला हातात,
पायात घालायचं विसरलेला.

मी वाद घालत नाही.
म्हणालो, मावशी, तुमचा हात द्या जरा.
एवढुसं पाऊल तिच्या तळव्यावर ठेवलं.
तळव्याला खुरप्याचे घट्टे.
तो फोटो तीनदा काढावा लागला,
पहिल्या दोन्हींत म्हातारीचा हात हलला होता.

पाकिटावर नाव लिहावं लागतं.
बारसं नाही तर नाव कुठलं?
'सिंधू मुंजाजी यांची मुलगी' असं लिहिलं, खाली तारीख,
आणि खणात ठेवलं.
त्या खणात आणखी एकवीस पाकिटं.
काही न्यायला येतात, काही येत नाहीत.
बाकी सगळ्या गिऱ्हाइकांना मी फोन करून आठवण देतो.

कापसाची वेचणी सरल्यावर मुंजाजी आला, एकटाच.
पाकीट उघडलं नाही. काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिला.
"दादा, कॉम्प्युटरवर डोळे उघडता येतेत का?"

येतात.
लग्नाच्या ग्रुपात कुणाची पापणी मिटली
तर दुसऱ्या फोटोतले डोळे आणून लावतो मी,
नवरदेवालासुद्धा कळत नाही.
पण त्याला दुसरा फोटो लागतो.

तरी रात्री शटर ओढून बसलो.
सिंधूचे डोळे घेतले, त्याच दिवशीचे,
लहान केले, लावले.
कुणीतरी बघायला लागलं माझ्याकडं.
ते लेकरू नव्हतं.
पुसून टाकलं, आणि घरी जाताना
कुलूप लावलं की नाही ते बघायला दोनदा मागं आलो.

सोमवारी दोघं आली.
जमलं नाही, म्हणालो, आणि बिलबुक उगाच पुढं ओढलं.
सिंधूनं फोटो काढून उजेडाकडं धरला.
डोळ्यांकडं बघितलंच नाही तिनं.
"कानाची पाळी बघा," मुंजाजीला म्हणाली,
"गालाला चिकटलेली. आमच्या बापूची अशीच."
त्यानं बघितली.
मग स्वतःची चाचपली, उगाच.

मोबाइलच्या कव्हरमधून तिनं पन्नासची नोट काढली.
याचे पैसे मी घेत नाही.
"लॅमिनेशनचे," ती म्हणाली,
"शेतात घामानं खराब व्हायचा न्हाईतर."
घेतले.

मशीनमधून निघाला तेव्हा कोपऱ्यात
हवेचा एक बुडबुडा राहिला होता.
दुसरा करून देतो, म्हणालो, पाच मिनिटं बसा.
"असू द्या," ती म्हणाली,
"पूर्णेची गाडी हाय, पावणेपाचची."