सातशे वीस ग्रॅम

लक्ष्मीपुरीत, अत्तारांच्या दुकानात,
हिरव्या कापडावर तीन पिस्तुलं मांडलेली,
तिन्ही काळी, तिन्हींची अंगं प्लॅस्टिकची.
"प्लॅस्टिक नव्हं ताई, पॉलिमर,"
अत्तारचाचा म्हणाले, आणि म्हशीच्या पाठीवरून फिरवावा
तसा हात फिरवला.

मी पुढं झालो.
आमच्यात पोरीही झालो, गेलो, बसलो म्हणतात,
पुण्याची वहिनी अजून हसते.

हुपरीत आमची तीन पिढ्यांची चांदी.
काट्याआधी माझा तळहात बोलतो.
"सातशे तीस," म्हणालो.
चाचांनी माहितीचा कागद उलगडला: सातशे वीस.
"मग दहा ग्रॅम तुमचं तेल असणार."
चाचा हसले. चहा सांगितला.

अण्णांचं रिव्हॉल्व्हर निव्वळ पोलाद होतं.
ते कमरेला लावून अण्णा डावीकडं कलून चालायचे.
ते गेले, ते ठाण्यात जमा झालं,
आणि परवाना माझ्या नावावर यायला
तीन वर्षं लागली. 'त्रिशला'चं स्पेलिंग दोनदा चुकलं.

मला एकच पाहिजे, दोन कामांना.
मंगळवारी, शुक्रवारी हुपरी ते गुजरी,
स्कूटरच्या डिकीत पैंजणांचे जोड.
रविवारी दुधाळीची रेंज, पंचवीस मीटर, कागद.

पोवार सर, फौजेतले, म्हणाले होते,
"शर्यतीचा बैल कुणी मळणीला जुंपतं का?
कागदाला लांब नळी, जडपणा, लोण्यासारखा ट्रिगर.
कमरेला आखूड, हलकं, कुठं न अडकणारं.
आणि पोरी, कागद पळत नाही. कागदाला आई नसते."

कमरेचं तर वेगळंच.
साडीला कंबरपट्टा असतो, तो आम्हीच घडवतो,
त्यात पिस्तूल अडकवायची सोय
अजून कुणा गिऱ्हाइकानं मागितली नाही.

पहिलं उचललं. लांब. हात आपोआप सरळ झाला,
जणू समोर दहाचं वर्तुळ आलंच.
ट्रिगर श्वासानंही सुटेल असा.
यात पदक आहे, मला कळलं.
तरी ते खाली ठेवलं.

कारण मागच्या मार्गशीर्षात, उचगावच्या अलीकडं,
अंधार पडलेला, डिकीत अकरा किलो माल,
आणि मागनं एक मोटरसायकल, दोघं, तोंडाला रुमाल.
जवळ आले. अजून जवळ. एकानं हात केला.
माझा हात पिशवीत गेला.
पिशवीत जेवणाचा डबा होता.
"ताई, स्टँड! स्टँड खाली हाय!"
आणि गेले पुढं, धूळ उडवत.

मी थांबून स्टँड वर केलो.
डबा किती तरी वेळ हातातच होता.

"चाचा, मधलं दाखवा. ट्रिगर जड आहे ते."
"स्पर्धेला जड जाईल हो."
"जाऊ दे."
रविवारी चार-पाच गुण जातील.
पण 'ताई' आणि 'स्टँड' यांच्यामध्ये
जेवढी जागा लागते,
तेवढा जडपणा मला त्यात पाहिजे.

नळी कागदाला थोडी आखूड. कमरेला थोडी लांब.
दोन्हीकडं थोडं चुकलेलं. पावती केली.

आई चातुर्मासात पाणी दोनदा गाळते,
दिव्यावर पाखरू येईल म्हणून
उजेड असतानाच ताट वाढते.
तिनं पेटी उघडू दिली नाही.
"देवाच्या खोलीत नको," एवढंच.
मग, भाकरी मोडत,
"कागदालाच ना?"
मी भाकरी घेतलो. तीही थांबली नाही उत्तरासाठी.

रविवारी रेंजवरचा कागद घरी आणला.
तीन भोकं मधोमध, बाकीची रांगोळी बिघडल्यासारखी.
आईनं तो उजेडाकडं धरला,
भोकं मोजली, ओठ न हलवता,
आणि सोमवारी त्याच कागदात
कुणाच्या तरी बारशाचे वाळे बांधले.
घट्ट. दोरा दोनदा फिरवून.
भोकांतून चांदी दिसत होती.